अर्ध्यावर अर्धी

बाबांचे पाय गेले तो मंगळवार.
माझगावच्या जिन्यात, तिसऱ्या पायरीवर चप्पल निसटली
आणि निसटलेली त्यांना कळलीच नाही.
गुरुवारी गुडघे. शनिवारी हातातला चमचा.
पंधरवड्यापूर्वीची साधी हगवण, डॉक्टर म्हणाले,
तिच्यावर सुटलेली फौज वेश ओळखायला चुकली
आणि घरच्याच माणसांवर तुटून पडली.

घरची माणसं कोण, बाबांनी विचारलं.
श्वान पेशी, मी म्हटलं.
आठ दिवसांत पहिल्यांदा हसले: म्हणजे कुत्री?
अहो, शोधणाऱ्याचं आडनाव ते.
पण राखण करतात ना?
करतात. एकेकजण जेमतेम मिलिमीटरभर तार राखते,
पुढची पुढे, कमरेपासून अंगठ्यापर्यंत.

चौतीस वर्षं बाबा रस्त्याखाली होते.
चिरा बाजार, पाठकवाडी, डॉकयार्डची मागची गल्ली,
छातीएवढ्या खड्ड्यात बसून केबल जोडायची.
शिशाचं साल सोलायचं, कागद उलगडायचा,
तांब्याला तांबं भिडवून पुन्हा पट्टी गुंडाळायची:
अर्धा पदर मागच्या अर्ध्यावर.
वरून पास्कोल तापलेलं कंपाउंड ओतायचा.
तो वास घेऊन बाबा घरी यायचे
आणि आई दाराबाहेरच बादली ठेवायची.

मी परळच्या लॅबमध्ये पाच मायक्रॉनचे काप काढते.
निळ्या रंगात रात्रभर, साठ अंशांवर,
सकाळी लिथियमच्या पाण्यात क्षणभर, जास्त नाही,
जास्त झालं की सगळंच धुऊन जातं.
मायलिन निळं राहतं.
कुठल्या कुठल्या माणसांचं,
माझ्याकडे फक्त नंबर येतात.

तार शाबूत आहे? बाबांचा प्रश्न.
शाबूत. वरचं गेलंय.
मग काय, म्हणाले, जॉइंटरच बोलवायचाय.
पट्टी कुठली वापरतात?

पट्टी नसते, बाबा.
ती पेशीच चपटी होते,
अंगातलं पाणी पिळून काढते
आणि स्वतःलाच गुंडाळत जाते, पन्नास वेळा, साठ वेळा.
आणि नवा वेढा वरून नाही पडत.
खालून शिरतो. तारेला लागून, जुन्या सगळ्या वेढ्यांच्या आतून.

बाबा गप्प झाले.
सलाइनचा स्टँड, पलीकडच्या खाटेवरचा रेडिओ, खिडकीत क्रेन.
खालून? मग आधीचं सैल धरावं लागत असणार,
ते स्वतःशीच म्हणाले,
आणि न हलणारी बोटं
चादरीवर हलवून बघितली.

मेंदूतल्या पेशी वेगळ्या असतात.
एकीला चाळीस हात, चाळीस तारा.
ती गेली की चाळीस घरांत काळोख,
आणि तिथली दुरुस्ती अर्धवट राहते पुष्कळदा.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
त्यांच्या बाबतीत गरजच नव्हती.
पण लॅबमध्ये परत गेल्यावर
एका नंबरच्या काचेवर निळ्यात मधेच फिकट डाग दिसला
तेव्हा बराच वेळ मी फोकस फिरवत राहिले.

दोन पेशींच्या मध्ये फट असते हे मात्र सांगितलं.
उघडी? आमच्या खात्यात मेमो मिळाला असता.
फटीवरूनच तर निरोप उडी मारतो, बाबा,
सलग झाकलं तर मधेच विरून जाईल.
पटलं नाही त्यांना.

डिसेंबरात तपासणी: सेकंदाला एकोणीस मीटर.
पन्नास हवेत.
फेब्रुवारीत फिझिओवाली मुनिरा ओरडली,
उजवा अंगठा, काका, परत करा!
नवे वेढे पातळ असतात, तुकडे आखूड,
जुन्यासारखं पूर्ण होत नाही सहसा,
पण करंट जातो.

काल मायक्रोटोमच्या पात्याने माझं बोट कापलं.
बाबांनी खुर्ची ओढली, गॉझ मागितला,
चष्मा नाकावर आणून गुंडाळायला बसले.
अर्ध्यावर अर्धी. हात थरथरत होता,
दुसऱ्या वेढ्यानंतर पट्टी सरकली,
मधे बोटाची एक बारीक रेघ उघडी राहिली.
मी नीट करायला गेले.
राहू दे, म्हणाले,
उडी मारायला.